क्षयाचे औषध आणि पाळणा लांबविण्याची गोळी

घशाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी पाच दिवसांच्या कॅप्सुली लिहून दिल्या, की ‘पाळणा लांबविण्याची गोळी आता लागू पडेल ना?’ अशी शंका पुष्कळींच्या मनात येते. विचारण्याचा मात्र संकोच वाटतो.

‘प्रतिजैविक’ हा शब्द आम्ही भाषांतरकारांनी रुळविला खरा. परंतु औषधांच्या दुकानात तो कोणी उच्चारीत नाही. म्हणून नावेच सांगतो. अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, ॲझिथ्रोमायसिन या नेहमीच्या औषधांनी गोळीचा गुण कमी होत नाही. मात्र गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली, तर दुसरी गोळी घ्यावी. जुलाब जोराचे असून ते दोन दिवसांत थांबले नाहीत, तर डॉक्टरांना विचारावे.

खरा अपवाद आहे तो रिफाम्पिसिनचा, म्हणजे क्षयरोगावरील प्रमुख औषधाचा.

हा प्रश्न बंगळूरच्या दृष्टीने विशेष आहे. १९३० साली म्हैसूर संस्थानाच्या सरकारने बंगळूर व म्हैसूर येथील सरकारी रुग्णालयांत संततिनियमनाची केंद्रे उघडण्याचा हुकूम काढला. त्या काळी ही गोष्ट धाडसाचीच होती. पुढे १९५९ साली याच शहरात राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. संस्थेच्या संशोधकांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत पाहणी केली, तेव्हा खोकला व ताप असलेले कितीतरी रोगी आपण होऊनच जवळच्या दवाखान्यात जातात, असे दिसून आले. त्यामुळे क्षयाचे उपचार सामान्य आरोग्यकेंद्रांतूनच देण्याचे धोरण बळावले. आज एकाच केंद्रातून क्षयाची औषधे मिळतात आणि ‘माला-एन’चे पाकीटही मिळते. दोन्ही एकाच पदरात पडली, तर काय होते?

रिफाम्पिसिनमुळे यकृतातील, औषधांचे विघटन करणारी द्रव्ये वाढतात. गोळीतील संप्रेरके त्यामुळे शरीरातून लवकर नाहीशी होतात. बीज बाहेर पडणे थांबविण्याइतकी मात्रा रक्तात उरत नाही. १९७१ साली पश्चिम जर्मनीतील डॉक्टरांनी ही गोष्ट प्रथम नोंदविली: दोन्ही औषधे घेणाऱ्या स्त्रियांची पाळी अनियमित होऊ लागली होती. तातडीची गोळीही याच कारणाने कमी पडते.

क्षयाचे नेहमीचे उपचार सहा महिन्यांचे असतात आणि रिफाम्पिसिन त्यात अखेरपर्यंत असते. लघवी नारिंगी होऊ लागली, की ते पोटात जात आहे हे घरातही कळते. या अवधीत गोळीवर विसंबू नये. तांबी, किंवा दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे ‘अंतरा’ इंजेक्शन यांवर या औषधाचा परिणाम होत नाही; निरोधही आहेच. क्षयाचे औषध मात्र कोणत्याही कारणाने मध्येच सोडू नये.

अडचण निराळीच असते. सासरी क्षय लपविलेला असतो, दवाखान्यात गोळी लपविलेली असते. म्हणून दोन्ही गोष्टी कोणाला एकत्र कळतच नाहीत. डॉक्टरांनी न विचारले तरी, ‘मी पाळणा लांबविण्याची गोळी घेते’ एवढे वाक्य त्यांना सांगावे. आणि आधीच दिवस गेल्याची शंका असेल, तर तेही लगेच सांगावे. गरोदरपणातही क्षयाचे उपचार करता येतात.

औषधाचा शेवटचा डोस झाल्यावर यकृत लगेच पूर्ववत होत नाही. त्यापुढे निदान चार आठवडे हीच काळजी घ्यावी.