माणूस चुकला, की गोळीच चुकीची?

पोलिसांच्या गोळीने भलताच माणूस मेल्याची बातमी आली की टीव्हीवरच्या चर्चेत, सोसायटीच्या ग्रुपवर, कट्ट्यावर एक वाक्य हटकून ऐकू येतं : "अहो, पोलीसही माणूसच आहे. झाली चूक. मुद्दाम थोडंच मारलं? यात गुन्हा कसला?" असं म्हणणारे बहुतेक लोक भलेच असतात. पोलिसांच्या बारा-बारा तासांच्या ड्युट्या, रद्द झालेल्या सुट्ट्या त्यांना माहीत असतात आणि ती कणव खोटी नसते. पण हे वाक्य जितकं समंजस वाटतं तितकंच कायद्याच्या दृष्टीने ते गोंधळलेलं आहे.

त्यातलं खरं काय ते आधी मान्य करू. कायदा प्रामाणिक चुकीला माफी देतो. जुन्या दंड संहितेचं कलम ७९, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १७, हेच सांगतं : वस्तुस्थिती समजण्यात चूक झाली आणि आपण कायद्याला धरूनच वागतोय असं सद्भावनेने समजून कोणी काही केलं, तर तो गुन्हा नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना यासाठी ओडिशातल्या १९५८ सालच्या एका घटनेवरचा खटला शिकवतात. रासगोविंदपूरचा ओस पडलेला विमानतळ. तिथे भुतं फिरतात असा पंचक्रोशीत बोलबाला. रात्री लुकलुकणारा दिवा आणि त्याभोवती हलणाऱ्या आकृत्या दिसल्या, तेव्हा मालकाबरोबर आलेला एक नेपाळी नोकर खुकरी घेऊन त्यांच्यावर तुटून पडला. त्या मोहाची फुलं वेचायला आलेल्या आदिवासी बायका होत्या. एक जागीच गेली. त्याच्याजवळ टॉर्च होता, तो मारून बघितलं असतं तर कळलं असतं, असं सरकारी पक्ष म्हणाला. उच्च न्यायालयाने तरीही त्याची सुटका कायम ठेवली.

मग पोलिसाला तीच सवलत का नको? मिळते की! फक्त 'सद्भावना' म्हणजे नुसतं मन साफ असणं नव्हे. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असं मानायचंच नाही, असं कायद्याने लिहून ठेवलंय. अंधारात भुताला घाबरलेल्या अडाणी माणसाकडून जेवढ्या काळजीची अपेक्षा करायची, तेवढीच प्रशिक्षण, वायरलेस, पथक आणि वरिष्ठ अधिकारी हाताशी असलेल्या गुन्हे शाखेकडून करायची का? 'माणूसच आहे' म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आता दिल्लीचं प्रकरण बघा. तारीख ३१ मार्च १९९७. गुन्हे शाखेचं पथक उत्तर प्रदेशातल्या मोहम्मद यासीन नावाच्या गुंडाच्या मागावर होतं. पटपडगंजला मदर डेअरीजवळ तो येणार अशी खबर होती. तिथे एका निळ्या मारुती एस्टीममध्ये पोलिसांना यासीनसारखा दिसणारा माणूस दिसला. गाडीचा माग काढत ते कनॉट प्लेसपर्यंत आले. वायरलेसवरून जादा कुमक मागवली, एसीपी एस. एस. राठी माणसं घेऊन आले. गाडीतले लोक मध्ये बँकेपाशी थांबले. निघाले, तेव्हा भर दुपारी बाराखंबा रोडच्या सिग्नलजवळ पोलिसांनी गाडीला गराडा घातला आणि गोळ्यांचा वर्षाव केला. दोघे ठार, तिसरा जबर जखमी. यासीन गाडीत नव्हताच. हे हरयाणाचे व्यापारी होते, बँकेच्या कामाला आलेले.

पोलिसांनी काय सांगितलं? आतून आमच्यावर आधी गोळी आली, म्हणून आम्ही स्वसंरक्षणासाठी झाडली. गाडीत पिस्तूल सापडल्याचंही दाखवलं. पहिला गुन्हा नोंदला गेला तो गाडीतल्यांवर, म्हणजे दोन मेलेल्यांवर आणि एका मरता मरता वाचलेल्यावर. गदारोळ झाला, पोलीस आयुक्त निखिल कुमार यांना पद सोडावं लागलं, तपास सीबीआयकडे गेला. २००७ मध्ये सत्र न्यायालयाने राठींसह दहा पोलिसांना जन्मठेप दिली. उच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये ती कायम केली. गाडीतून गोळी झाडलीच गेली नव्हती, पिस्तूल मागाहून ठेवलेलं होतं, असा निष्कर्ष निघाला. कर्तव्य बजावताना सद्भावनेने अधिकाराची मर्यादा ओलांडली तर तो खून न मानता सदोष मनुष्यवध मानावा, असा एक अपवाद कायद्यात आहे. बचाव पक्षाने त्याचाही आधार घेतला होता. तोही चालला नाही. शिक्षा झाली ती खुनासाठीच. निकाल जुना आहे, कुणालाही वाचता येतो, आणि तरी चौदा वर्षं चाललेल्या या खटल्याचा पत्ताच नसल्यासारखं "चुकीला शिक्षा कशी देणार?" असं विचारलं जातं, याचा खरोखर वैताग येतो.

पण माझा मुख्य मुद्दा याच्या पुढचा आहे. समजा त्या एस्टीममध्ये खराच यासीन बसला होता. सिग्नलला थांबलेली गाडी, हातात शस्त्र नाही, आतून एकही गोळी नाही. तरी त्याला छिन्नविच्छिन्न करणं कायदेशीर ठरलं असतं का? नाही. 'चुकीचा माणूस मेला' या हळहळीत आपण नकळत गृहीत धरतो की बरोबर माणूस मेला असता तर सगळं ठीक होतं. कोर्टापुढचा प्रश्न गाडीत कोण होतं हा नसतोच. त्या क्षणी, गाडीतल्या माणसाने जे केलं त्यावरून, जीव घेण्याइतका धोका वाटायला आधार होता का, हा असतो. तसा आधार असेल तर निरपराध माणूस मेला तरी पोलीस सुटू शकतो. नसेल तर खतरनाक गुंडाला मारलं तरी तो अडकतो.

इथेच दुसरा, जवळजवळ तितकाच पक्का गैरसमज भेटतो : "खुनाच्या आरोपीला गोळी घालायचा अधिकार पोलिसांना आहेच." हे येतं अटकेच्या कलमाचं उलटं वाचन करण्यातून. आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४६, आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४३. त्यात म्हटलंय की फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्या माणसाचा जीव घेण्याचा अधिकार हे कलम देत नाही. लोक त्यातून काढतात : तसा आरोप असेल तर मारा! तसं नाही. आरोपी बळाने विरोध करत असेल तर अटकेसाठी लागेल तेवढंच बळ, हा नियम सगळ्यांना लागू राहतो. आणि नुसती गाडी थांबवली नाही, ही तर अशी गोष्ट आहे की तिच्यासाठी वाहतूक शाखा पावती फाडते. २०१८ मध्ये लखनौच्या गोमतीनगरमध्ये रात्री गाडी थांबवली नाही म्हणून एका कॉन्स्टेबलने खासगी कंपनीतल्या अधिकाऱ्याला गोळी घातली, आणि त्या कॉन्स्टेबलच्या पाठिंब्यासाठी काही सहकाऱ्यांनी काळ्या फिती लावल्या. त्या फितींमागे हाच गैरसमज होता.

"परदेशात असं झालं असतं तर लगेच आत टाकला असता" हे अनिवासी नातेवाईक असलेल्या घरांतलं आवडतं विधान. लंडनचं बघू. २००५ च्या जुलैत बॉम्बस्फोटांनंतर शहर हादरलेलं असताना, २२ तारखेला स्टॉकवेल स्टेशनात पोलिसांनी एका २७ वर्षांच्या ब्राझिलियन इलेक्ट्रिशियनच्या डोक्यात सात गोळ्या घातल्या. संशयित ज्या इमारतीत राहतो असं वाटत होतं, तिच्याच दारातून तो बाहेर पडला होता. ओळख पटवायला कॅमेरा घेऊन बसवलेला टेहळणीवरचा माणूस नेमका तेव्हा लघवीला गेला होता. पहिल्या दिवशी जगभर छापून आलं की तो जाड जाकीट घालून होता, फाटकावरून उडी मारून पळाला. प्रत्यक्षात अंगात पातळ डेनिमचं जाकीट होतं, त्याने कार्ड लावून फाटक ओलांडलं, फुकटचं वर्तमानपत्र उचललं आणि गाडी आलेली दिसल्यावर शेवटची काही पावलं धावला. इशारा दिला होता, हे पोलिसांचं म्हणणं मृत्युचौकशीतल्या ज्यूरीने स्वीकारलं नाही. शिक्षा? एकाही अधिकाऱ्यावर वैयक्तिक खटला भरला गेला नाही. पोलीस दलाला, कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या कायद्याखाली, १ लाख ७५ हजार पौंड दंड झाला. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही २०१६ मध्ये १३ विरुद्ध ४ मतांनी ब्रिटनच्या बाजूने कौल दिला. इंग्लंडच्या फौजदारी कायद्यात पोलिसाला धोका प्रामाणिकपणे वाटला की पुरे, तो वाटणं वाजवी असायलाच हवं असं नाही. आपल्याकडे वाजवी आधार लागतो. म्हणजे कागदावर तरी आपला कायदा कडक आहे.

उरलेले गैरसमज भराभर.

"सरकारने परवानगी दिल्याशिवाय पोलिसावर खटला चालतच नाही." परवानगी लागते ती कर्तव्याशी संबंधित कृत्याला, बनावट चकमकीला नव्हे. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ प्रमाणे सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर परवानगी दिली असं धरलं जातं. सैन्याची गोष्ट वेगळी. नागालँडमधल्या मोन जिल्ह्यात डिसेंबर २०२१ मध्ये खाणीवरून घरी चाललेल्या मजुरांना अतिरेकी समजून मारलं, तिथे सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा लागू होता. केंद्राने परवानगी नाकारली आणि खटला उभाच राहिला नाही.

"वरून हुकूम होता." बेकायदा हुकूम हा बचाव नाही. हे सांगताना सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये, मुंबईतल्या एका प्रकरणात, न्यूरेंबर्गच्या खटल्यांची आठवण करून दिली होती.

"दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, क्लीन चिट मिळाली." ती मृत्यू कसा झाला याची चौकशी असते, खटला नसतो.

"भरपाई दिली, विषय संपला." भरपाई देतं राज्य, आपल्याच करांतून. गुन्ह्याचा हिशेब त्यात मिटत नाही.

"असे खटले भरले तर पोलिसांचं मनोधैर्य खचेल, कोणी गोळीच झाडणार नाही." झारखंडचं ओमप्रकाश प्रकरण घ्या. २०१२ मध्ये त्याच्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने बंदुकीचा चाप ओढायला उतावीळ पोलिसांना खडसावलं, आणि त्याच निकालात, चकमक खरी दिसते म्हणून, त्या पोलिसांवरची फिर्याद रद्दही केली. ज्याने कायद्याला धरून गोळी झाडली त्याला वाचवायची व्यवस्था कायद्यातच आहे.

शेवटचा गैरसमज आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. "गोळीबार झाला की लगेच पोलिसावर गुन्हा दाखल करायचा, हे मानवाधिकारवाल्यांचं खूळ." १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मेली. त्यावरच्या याचिकेतून सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा 'पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र' हा निकाल आला आणि त्यातले १६ नियम आजही देशभर बंधनकारक आहेत. मृत्यू झाला की एफआयआर नोंदवायचा. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने, चकमकीच्या प्रमुखापेक्षा वरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली करायचा. शस्त्रं तपासणीसाठी जमा करायची. शौर्य संशयातीत सिद्ध होईपर्यंत पाळीबाहेरची बढती नाही, पदक नाही. एफआयआर म्हणजे दोषारोप नव्हे, तपासाचं दार उघडणं. ते दार नेहमी मेलेल्या माणसावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लावूनच उघडायचं, ही रीत मोडायला हे नियम आले. आणि ते पाळले जात नाहीत असं मृताच्या घरच्यांना वाटलं तर ते थेट त्या भागातल्या सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करू शकतात. ही तरतूद त्याच निकालात आहे.