लावणीच्या चिखलातला ताप



आवण तयार झालं की मुळशीत आपली लगबग सुरू होते. दिवसदिवस वाकून, गुडघाभर चिखलात आपण लावणी करतो. म्हणजे खाचर ही आपली कामाची जागा. कारखान्यात यंत्राचा धोका असतो, तसा इथे चिखलातल्या जंतूंचा. त्यातल्याच एका आजाराबद्दल आज आम्ही बोलणार आहोत. त्याचं नाव लेप्टोस्पायरोसिस, थोडक्यात लेप्टो.

बांधातले उंदीर, गोठ्यातली गुरं, कुत्री यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात उतरतात. ओल्या मातीत ते कित्येक आठवडे जगतात, कडक उन्हात आणि कोरड्या जागी मरतात. अंगात शिरायला त्यांना दार लागतं. पायाला झालेल्या चिखल्या, विळ्याचा काप, काट्याची जखम, डोळ्यांत उडालेलं पाणी, ही ती दारं. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, तीही अशाच घाण पाण्यातून चालल्यामुळे.

मग काम सोडायचं का? नाही, दार बंद करायचं. गमबूट चिखलात रुततो, हातमोज्यात आवणाची काडी नीट धरवत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण गोठा काढताना आणि बांधावर गमबूट घालता येतात. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावता येते. काम संपल्यावर हातपाय साबणानं, स्वच्छ पाण्यानं धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. हात धुतल्याशिवाय भाकरी खाऊ नये, मिसरी लावू नये.

चिखलात काम केल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांत, कधी महिनाभरानेही ताप येतो. थंडी वाजते, डोकं ठणकतं, पोटऱ्या फार दुखतात, डोळे लाल होतात. आपण म्हणतो, लावणीचा शीण आहे, आणि ताप अंगावर काढतो. तिथेच घात होतो. पुढे कावीळ होते, लघवी कमी होते, जीवावर बेततं. वेळेत गेलं तर साध्या प्रतिजैविक गोळ्यांनी आजार बरा होतो.

म्हणून ताप आला की आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात जा. डॉक्टरांना आधी हे सांगा: “मी खाचरात लावणीला होते.” त्यांनी विचारायची वाट पाहू नका. प्रतिबंधाची गोळीही असते, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी तसं आवर्जून सांगावं.

यंदा लावणीला जाताना गटातल्या प्रत्येकीच्या पायांकडे एकदा बघा. जिच्या पायाला चिखल्या आहेत, तिला दोन दिवस बांधावरचं काम द्या. मजुरी मात्र सगळ्यांना सारखीच.