वाटा, माप आणि वाढते वय

वसईजवळच्या पापडीला शुक्रवारी आठवडा बाजार भरतो. तिथे सुक्या मासळीच्या रांगेत एखादी म्हातारी टोपलीतून बोंबील काढून वाटे लावत असते. मोजणे नाही, तोलणे नाही. हात घातला की वाटा तयार. शेजारी बसलेली नात मात्र मधेच म्हणते, "आजी, या वाट्यात जास्ती गेले गं. जरा मोजून घाल की." आजीला राग येतो. "इतकी वर्षं वाटे लावते, आता तू मला शिकवणार?"

आता या दोघींत खरे कुणाचे? उत्तर असे, की दोघींचेही थोडे थोडे खरे आहे. ते कसे, ते पाहू.

माणसाला मोजण्याच्या दोन रीती येतात. एक म्हणजे एक, दोन, तीन असे म्हणत मोजणे. ही शिकावी लागते. दुसरी म्हणजे नजरेचा अंदाज. हा उपजत असतो. १८७१ साली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने याची परीक्षा स्वतःवरच घेतली. उथळ पेटीत घेवड्याचे दाणे टाकायचे, एक नजर टाकायची, आकडा सांगायचा आणि मग मोजून पाहायचे. असे त्याने हजारावर वेळा केले. तीन-चार दाण्यांना तो कधी चुकला नाही. पाचाला क्वचित चुकला. दहा दाणे झाले, की निम्म्याहून अधिक वेळा चुकला. तेव्हा तो अवघा पस्तीस वर्षांचा होता. म्हणजे अंदाज चुकणे हा काही म्हातारपणाचाच दोष नव्हे.

नजरेचा आणखी एक नियम आहे. दहा आणि बारा यांतला फरक डोळ्याला जाणवतो. शंभर आणि एकशे दोन यांतला जाणवत नाही. फरक दोनाचाच, पण ढीग जितका मोठा, तितका फरकही मोठा लागतो.

मग वयाने काय होते? २०१२ साली अमेरिकेतील संशोधकांनी ११ ते ८५ वर्षांच्या दहा हजारांहून अधिक लोकांची परीक्षा प्रसिद्ध केली. क्षणभर ठिपके दाखवायचे आणि कोणत्या रंगाचे जास्त, ते विचारायचे. त्यात दिसले, की ही नजर लहानपणापासून हळूहळू तयार होते, तिशीच्या सुमारास सर्वांत तल्लख असते आणि पुढे सावकाश मंद होते. पण एकाच वयाच्या माणसांतही पुष्कळ फरक आढळला. तेव्हा केवळ केस पिकले म्हणून कोणाला मोडीत काढू नये.

ही मंदी मुख्यतः कुठे येते, हेही पुढच्या अभ्यासात दिसले आहे. समजा, एका वाट्यात मोठे दहा बोंबील आहेत आणि दुसऱ्यात बारीक बारा. मोठे दहा जास्त जागा व्यापतात, म्हणून तेच अधिक वाटतात. खरी संख्या कळायला आकाराकडे दुर्लक्ष करावे लागते. मनाला असा आवर घालण्याची ताकद वयाबरोबर कमी होते आणि तिथे अंदाज फसतो. उलट पाढे, बेरीज, वजाबाकी ही शिकलेली विद्या निरोगी म्हातारपणीही चांगली टिकते. म्हणून आजी वाट्यात चुकेल, पण हिशेबात नातीलाच पकडेल!

आपल्याकडे एक आणखी गोष्ट आहे. दशमान वजनांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून ती वजने येऊ लागली आणि १९६२ पासून सक्तीची झाली. ज्यांचे बालपण शेरात गेले, त्यांच्या हाताला अजून शेराचीच ओळख असू शकते. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पंधरा शेर म्हणजे चौदाच किलो. हात चुकला असे म्हणण्याआधी तो कोणत्या मापात बोलतो, ते विचारावे.

बाजारात एक बोंबील इकडे-तिकडे झाला, तर बिघडत नाही. पण औषधाचे तसे नाही. पातळ औषध घरातल्या चमच्याने घेऊ नये. चमचे लहान-मोठे असतात. पाच मिलिलिटर म्हणजे पाचच. बाटलीबरोबरच्या मापानेच घ्यावे. गोळ्या मूठभर काढून नजरेने निवडू नयेत, वारांप्रमाणे आधीच मोजून ठेवाव्यात. फवारणीच्या औषधालाही हाच नियम.

शिक्षकांनी वर्गात जेव्हन्सचा खेळ जरूर करावा. ताटलीत वालाचे दाणे टाका, मुलांना क्षणभर दाखवा, झाका आणि आकडा लिहायला सांगा. तोच खेळ मुलांनी घरी आजी-आजोबांबरोबर खेळावा. एकदा दाणे सारखे घ्यावेत, एकदा लहान-मोठे मिसळून. कोण कुठे चुकतो, ते मुलांना आपोआप समजेल आणि थोरांची थट्टा करण्याआधी आपलीही चूक दिसेल.

आणि पापडीच्या त्या आजीसाठी उपाय सोपा आहे. आधी मोठे बोंबील आणि बारीक बोंबील वेगळे करावेत. मग पाच-पाच मोजून वाटे लावावेत, कारण तीन-चार-पाचापर्यंत नजर सहसा दगा देत नाही. निवडायचे काम नातीने करावे, वाटा आजीनेच लावावा. माप बरोबर राहील आणि आजीचा मानही.