सेनिओच्या बांधावर नामदेव

अभनपूरला राजिमचा रस्ता फुटतो, तिथे आम्ही पेन्शनर मंडळी संध्याकाळी चहाला जमतो. शौर्याचा विषय निघाला की गुरखे आणि खुकरी. त्यापलीकडे गाडी सरकतच नाही. मी पडलो मराठा पलटणीचा. मग नामदेव जाधवांची गोष्ट मला सांगावीच लागते.

नामदेव तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे. १९४५ साली इटलीत ते आमच्या पहिल्या बटालियनमध्ये कंपनी रनर होते. रनर म्हणजे कंपनी कमांडरच्या पाठोपाठ राहून त्याचे निरोप पोचवणारा शिपाई. ९ एप्रिलला सेनिओ नदी ओलांडायची होती. दोन्ही काठांना उंच पूरबांध, अलीकडच्या बांधात सुरुंग पेरलेले. त्याच अलीकडच्या बांधाच्या आतल्या अंगाला जर्मन मशीनगन. पाण्यातून वर येताच तीन मोर्च्यांवरून मारा सुरू झाला. कमांडर आणि दोन जवान जखमी, सोबतचे बाकीचे ठार. धड राहिले एकटे नामदेव.

हुकमाची वाट न बघता त्यांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंगांमधून सुरक्षित जागी नेलं. मग परत जाऊन दुसऱ्याला आणलं. मला विचाराल तर सगळ्यात अवघड ती दुसरी खेप. पहिल्यांदा माणूस तिरीमिरीत जातो, दुसऱ्यांदा पुढे काय आहे ते त्याला ठाऊक असतं.

तिसऱ्यांदा ते गेले ते मोर्चे मोडायला. पहिला टॉमीगनने गप्प केला. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, ती फेकून दिली आणि उरलेले दोन ग्रेनेडने उडवले. मधेच ग्रेनेड संपले, तर सरपटत बांधावर जाऊन पलीकडच्या साथीदारांकडून आणखी घेतले! मग तोफगोळे पडत असताना बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत कंपन्यांना हात करून बोलावलं.

गुरख्यांचा थमन गुरुंगही आमची बटालियन होती त्याच आठव्या डिव्हिजनचा. १० नोव्हेंबर १९४४ ला मोंते सान बार्तोलोच्या माथ्यावर तोही असाच उघड्यावर गेला, पण साथीदारांना माघारी जाता यावं म्हणून. ब्रेनगन चालवता चालवता तिथेच पडला. वय २०. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस.

नामदेव १९८४ पर्यंत जगले. आणि हो, त्याच ९ एप्रिलला, त्याच सेनिओवर, फ्रंटियर फोर्सच्या अली हैदरनेही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. फाळणीनंतर तो पाकिस्तानचा झाला.