सात सक्कं त्रेचाळीस म्हणणारा आपला सीनियर

शीवच्या एसआयईएस कॉलेजच्या कट्ट्यावर पाच मिनिटं नुसतं ऐकत उभं राहा. मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीतून वळण घेतं आणि इंग्रजीत संपतं. बोलताना कुणाचंच अडत नाही. अडतं ते लिहायला बसल्यावर. मराठी शाळेतून आलेल्याला वाटतं, इंग्रजी आपली नाही. कॉन्व्हेंटवाल्याला वाटतं, आपलं मराठी वाचून लोक हसतील. मग दोघंही लिहायचं टाळतात. याच कॉलेजात शिकलेला एक लेखक मात्र दोन्ही भाषांत लिहीत राहिला, आणि त्याची किंमतही त्यानं मोजली. त्याचं नाव किरण नगरकर.

नगरकरांचा जन्म १९४२ सालचा, मुंबईतला. पुण्याचं फर्ग्युसन आणि आपलं एसआयईएस ही त्यांची कॉलेजं. शाळेत मराठी माध्यम मिळालं ते जेमतेम चार वर्षं. पुढे पोटापाण्यासाठी जाहिरातींच्या जगात नोकरी. असा माणूस थेट इंग्रजीतच लिहील असं कुणालाही वाटेल. पण कवी दिलीप चित्रे यांनी आग्रह धरला आणि नगरकर मराठीत लिहू लागले. १९७४ मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली, ‘सात सक्कं त्रेचाळीस’. पाढे पाठ असलेल्याला नावातच ठेच लागते. आतही गोष्ट सरळ रांगेत चालत नाही. नायक कुशंक पुरंदरेच्या आठवणी तुकड्यातुकड्यांनी मागेपुढे येत राहतात. तेव्हाच्या मराठी वाचकाला हे सगळंच नवं होतं.

१९७८ मध्ये त्यांनी महाभारताचा आधार घेऊन ‘बेडटाइम स्टोरी’ हे नाटक लिहिलं. सेन्सॉरनं त्यात ढिगानं काटछाट सुचवली, वर धमक्याही आल्या. नाटक तब्बल १७ वर्षं रंगमंचावर येऊ शकलं नाही.

पुढची कादंबरी त्यांनी मराठीत सुरू केली खरी, पण ती पूर्ण झाली इंग्रजीत. १९९५ च्या सुमाराला आलेली हीच ती ‘रावण अँड एडी’. मराठी साहित्यवर्तुळात काहींना हे अजिबात रुचलं नाही. त्यांना ही मराठीशी केलेली फारकत वाटली.

पण कादंबरी उघडली की दिसते ती माझगावची चाळ! एका मजल्यावर हिंदू, दुसऱ्यावर कॅथलिक. तान्हा राम पवार आईच्या हातून निसटून खाली पडतो. खालून जाणारा व्हिक्टर कुटिन्हो त्याला झेलतो आणि स्वतः जिवाला मुकतो. राम वाचतो, पण पुढे ‘रावण’ म्हणून वाढतो. व्हिक्टरचा मुलगा एडी त्याच चाळीत बापाविना मोठा होतो. जिना एकच, पण दोघांची जगं वेगळी. एक ‘दिल देके देखो’साठी वेडा, दुसरा ‘रॉक अराउंड द क्लॉक’साठी. पाण्याची भांडणं, शेजाऱ्यांबद्दलच्या समजुती, सिनेमाचं वेड हे सगळं आपल्या गिरणगावातल्या कुठल्याही चाळीत शोभेल असं. भाषा इंग्रजी असली तरी पुस्तक अस्सल मुंबईकर आहे.

त्यानंतर १९९७ मध्ये ‘ककोल्ड’ आली. कृष्णभक्त मीराबाईबद्दल आपण शाळेपासून ऐकतो, पण तिच्या नवऱ्याचं काय झालं असेल? साक्षात देवाशी स्पर्धा करणाऱ्या या मेवाडच्या राजपुत्राला नगरकरांनी बोलतं केलं. या कादंबरीसाठी २००० साली त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोही इंग्रजी विभागात. ५ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईतच त्यांचं निधन झालं.

म्हणून ‘माझं मराठी कच्चं आहे’ किंवा ‘माझं इंग्लिश वीक आहे’ म्हणत वही मिटवण्याआधी हा सीनियर आठवा. मराठीतली चार वर्षांची शाळा त्याला मराठी कादंबरीसाठी पुरली, आणि इंग्रजीत गेल्यावरही त्याची चाळ सुटली नाही.

सुरुवात कुठून करायची? ‘रावण अँड एडी’ आणि ‘ककोल्ड’ दोन्ही मराठीत आल्या आहेत, रेखा सबनीस यांच्या अनुवादातून. ‘ककोल्ड’चं मराठी नाव ‘प्रतिस्पर्धी’. इंग्रजीची भीती नसेल तर मूळ पुस्तकं घ्या. आणि डोकं ताजं असेल त्या दिवशी ‘सात सक्कं त्रेचाळीस’ हातात धरा. पहिली वीस पानं गोंधळायला होईल. तरी पुढे वाचा.