विश्लेषण : कांदे वाहणारे जहाज प्रवासी कसे झाले?

वारंगा फाट्यावरून हळदीची पोती घेऊन निघालेल्या ट्रकला उद्या खिडक्या-आसने बसवून एसटी म्हणून सोडले, तर कोण बसेल? समुद्रावर असे घडले आणि ते जहाज ९५ वर्षे चालले.

‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये अमेरिकेत ‘मेदिना’ हे मालवाहू जहाज बांधले गेले. काम साधे : कांदे आणि इतर शेतमाल वाहणे.

मग माणसे कशी चढली?

दुसऱ्या महायुद्धात कितीतरी प्रवासी जहाजे बुडाली. युद्ध संपताच युरोप सोडणाऱ्यांची रीघ लागली, पण त्यांना न्यायला जहाजे अपुरी होती. नवे बांधायला वेळ लागतो. मालवाहू जहाजाचा सांगाडा मात्र तयार आणि दणकट. १९४८ मध्ये ‘मेदिना’ विकले गेले, प्रवासी झाले, नाव पडले ‘रोमा’.

हे रूपांतर सोपे नसते. कांद्याला केबिन, स्वच्छतागृह, जीवरक्षक नौका लागत नाहीत. शिवाय माल तळाशी असतो, केबिन वर चढतात. म्हणून तोल राखायला तळाशी वजन ठेवावे लागते.

‘रोमा’ने यात्रेकरू नेले, ऑस्ट्रेलियाला स्थलांतरित नेले. १९५२ मध्ये इटलीच्या कोस्टा कंपनीने वाफेचे इंजिन काढून डिझेलचे बसवले. नाव ‘फ्रँका सी’. १९७७ नंतर ‘डूलोस’ या नावाने ते एका ख्रिस्ती संस्थेचे तरंगते पुस्तकांचे दुकान झाले.

२००९ अखेर दुरुस्तीचा खर्च झेपेना. अशा जहाजांची पुढची वाट बहुधा अलंगसारख्या भंगार किनाऱ्याकडे जाते. याला सिंगापूरच्या एका व्यावसायिकाने विकत घेतले. इंडोनेशियातील बिंतान बेटावर ते जमिनीवर ओढून घेतले गेले आणि त्याचे हॉटेल झाले.