वाकते म्हणून वाहते

जोर लागला की पदार्थ कसा वाहतो, कसा वाकतो आणि जोर काढल्यावर मूळ आकारात परततो का, याचे शास्त्र म्हणजे रिऑलॉजी. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ यूजीन बिंगहॅम यांनी १९२० मध्ये हे नाव रूढ केले. श्रीखंडाची वाटी कलती केली तरी श्रीखंड जागचे हलत नाही, पण चमच्याने ढवळताच सैल पडते. मळलेल्या कणकेत बोटाने पाडलेला खळगा थोडासा भरून येतो. हे दोन्ही या शास्त्राचेच विषय.

पाणी हळू ढवळा की जोरात, त्याचा दाटपणा तोच राहतो. रक्ताचे तसे नसते. रक्तात सुमारे ४५ टक्के भाग तांबड्या पेशींचा असतो. प्रवाह मंदावला की या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि रक्त दाटते. वेग वाढला की चळती मोडतात, पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात आणि रक्त पातळ वाहते.

तांबडी पेशी सुमारे ८ मायक्रोमीटर रुंद असते. काही केशवाहिन्या याच्या निम्म्याहूनही अरुंद असतात, तर पानथरीतल्या फटी त्याहून बारीक. तरी पेशी त्यातून निसटते, कारण तिच्यात केंद्रक नसते आणि ती अर्धवट भरलेल्या पिशवीसारखी ढिली असते. आवरणाखालची स्पेक्ट्रिन या प्रथिनाची जाळी तिला पुन्हा मूळ आकार देते.

हिवतापात नेमके हेच बिघडते. नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरमधील लिम च्वी टेक आणि अमेरिकेतील सुब्रा सुरेश यांच्या गटाने पेशीच्या दोन बाजूंना सिलिकाचे सूक्ष्म मणी चिकटवले. एक मणी काचेला पक्का केला, दुसरा लेझरच्या झोताने धरला आणि काच सरकवून पेशी ताणली. प्लास्मोडियम फाल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीची लागण झालेली पेशी अखेरच्या अवस्थेत निरोगी पेशीच्या दहापटीपर्यंत ताठर होते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसले.

परजीवी आपली प्रथिने स्पेक्ट्रिनच्या जाळीला जोडतो, त्यामुळे ती घट्ट होते. शिवाय लागण झालेली पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटते. ताठरपणा आणि चिकटपणा मिळून बारीक वाहिन्या तुंबतात. मेंदूत असे झाले तर जिवावर बेतते. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल या आजारात ताठरपणाचे कारण वेगळे, आनुवंशिक असते. ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनच्या लांब साखळ्या पेशीला ताठ करतात. अडथळा मात्र तसाच होतो.